बाजारची हळद

पौष शुद्ध पंचमी, गुरुवार

सायंसंध्येला बसलो असता दारात फटाक्यांची माळ लागली आणि आचमनाचे पाणी हातातून सांडले. सर्वमंगल पक्षाने आमच्या प्रभागातून महापालिकेची उमेदवारी माझ्या मुलाला दिली, त्याचा हा गजर. मुकुंद अनेक वर्षे न्यायालयात काळा कोट घालून उभा राहतो. तेथे निदान समोर एक न्यायाधीश असतो. आता तो अशांपुढे हात जोडणार, की ज्यांना न्याय आणि जिलेबी यांतून निवड करायला सांगितली, तर ते जिलेबी गरम आहे का, एवढेच विचारतील.

या पक्षाला मी त्याच्या जन्मापासून ओळखतो. पहिल्या पिढीतील माणसे सभेपूर्वी स्नान करीत आणि सभेत असत्य बोलत नसत. म्हणूनच ती कधी निवडून आली नाहीत. आताची माणसे स्नानाऐवजी अत्तर लावतात. शहर संघटक बद्रीनाथ यांचा हा चौथा पक्ष. गळ्यातील उपरणे तेवढे बदलत आले, मान तीच. पक्षाची निशाणी समई. तीही विजेवर पेटणारी, रिक्षाच्या टपावर बसवलेली. तिच्याखाली उभे राहून त्यांनी मला सांगितले, "शास्त्रीबुवा, यंदा लाट आहे." ज्या शहरात नळाला आठवड्याने पाणी येते, तेथे लाटेची भाषा करायला फार मोठी श्रद्धा लागते. तेवढी माझ्यापाशी नाही.

सुनेने, मीनाक्षीने, सर्वांना पेढे वाटले. मी संध्या पुन्हा पहिल्यापासून केली.

पौष शुद्ध अष्टमी

व्हरांड्यात पक्षाची बैठक झाली. बद्रीनाथांनी पाहणीचा अहवाल वाचला. दहांतील सात मतदार आपले, असा निष्कर्ष. पाहणी कोणी केली, असे मी विचारले. आपल्याच मुलांनी, घरोघर जाऊन, असे उत्तर आले. मुलांच्या गळ्यात काय होते, हेही विचारले. पक्षाचे उपरणे होते. उपरणे घातलेल्या माणसाने दारात येऊन मत कोणाला देणार असे विचारले, तर दावणीच्या म्हशीनेही समईकडे पाहून मान हलवली असती. हे मी बोलून दाखवले नाही. मूर्खाला त्याच्या सुखात राहू द्यावे. त्यात हिंसा टळते.

समोर उमेदवार नानासाहेब. गंगापूरकडचे जमीनदार घराणे. शेत विकले, प्लॉट पाडले, पाण्याचे टँकर घेतले. निरक्षर नाहीत, पण अक्षरांशी त्यांची ओळख निमंत्रणपत्रिकेपुरती. आमचे पदाधिकारी त्यांना दैत्य म्हणतात आणि ते समोर आले की खुर्ची सरकवून देतात.

मुकुंद बैठकीत फारसा बोलला नाही. मागच्या गल्लीत कोणी गेले होते का, एवढेच त्याने विचारले, कारण तेथे दिवसा माणसे कामावर असतात. त्यावर एकाने सांगितले की ती मते शेवटच्या आठवड्यात बघून घेता येतात. सगळे समजुतीने हसले. मुकुंद हसला नाही. त्याच्यात हा एक दोष आहे की तो विनोद वेळेवर ओळखत नाही. हा विनोद होता, असे माझे मत नाही. परंतु राजकारणात शिरलेल्याला हसणे आले पाहिजे.

पौष शुद्ध एकादशी

उपवास असताही बद्रीनाथांच्या आग्रहावरून मागच्या गल्लीत फिरलो. आग्रहाचे कारण उघड होते. लोक माझ्या पाया पडतात आणि त्या वेळी उमेदवार माझ्या शेजारी उभा असतो.

आमच्या बंगल्यांच्या मागे, छावणीच्या अंगाला, पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. कुटुंबे गंगापूर, वैजापूरकडून आलेली. पुरुष शेंद्र्याच्या कंपन्यांत जातात, बायका आमच्यासारख्यांच्या घरी. प्रत्येक दारात एकच वाक्य ऐकले: "व्हय गुरुजी, तुमच्या शब्दाबाहेर नाय." आदल्या दिवशी नानासाहेबांनाही हेच सांगितले असणार, यात मला संशय नाही. एका दारावर समईचा कागद आणि नानासाहेबांच्या फोटोचा कागद शेजारी शेजारी चिकटवलेले. हे काय, असे विचारता घरधनी गंभीरपणे म्हणाला की दाराच्या दोन्ही फटींतून वारा येत होता, आता येत नाही. लोकशाहीचा एवढा नेमका उपयोग कोण्या पंडिताने सांगितलेला नाही.

आवडाबाई तेवढी सरळ बोलली. ही बाई रोज सकाळी माझ्या पूजेची फुले, बेल आणि दूर्वा आणून देते. तिचा मुलगा गोकुळ कंपनीत आहे, सून करुणा गरोदर आहे. तिने मुकुंदला थांबवून विचारले, "वकीलसाहेब, निवडून आल्यावरचं ऱ्हाऊ द्या. नानासाहेबांचा टँकर बंद पडला तर आमच्या गल्लीत पाणी कोन सोडंल, तेवढं सांगा." मुकुंद म्हणाला की आज तरी त्याच्याकडे टँकर नाही. बद्रीनाथांनी त्याला कोपराने ढोसले. उमेदवाराने असे उत्तर द्यायचे नसते.

परतताना मन विटले. ज्या देशात एकेकाळी अरण्यातही आत्म्याची चर्चा चाले, तेथे आता नागरिकाची बुद्धी दोन हंड्यांत मावते. घरी येऊन बोअरच्या पाण्याने सचैल स्नान केले, तेव्हा बरे वाटले.

पौष पौर्णिमा

आज या पक्षाच्या अधःपाताला तळ नाही, हे कळले.

बद्रीनाथ सकाळीच आले. नानासाहेबांची माणसे गल्लीत घरोघर बेलभंडारा उचलायला लावीत आहेत, असे त्यांनी सांगितले. म्हणजे तळहातावर बेलाचे पान आणि खंडोबाची हळद ठेवायची आणि मत यांनाच देईन असे वदवून घ्यायचे. आपणही तेच करू, असा त्यांचा प्रस्ताव. त्यासाठी आमच्या देवघरातील ताम्हण हवे आणि शक्य तर मी शेजारी बसावे. मी सांगितले की देवाला साक्षीला बोलावण्यासाठी तुमच्या समन्सची गरज नाही आणि माझे ताम्हण देवघराचा उंबरा ओलांडणार नाही.

मुकुंदही प्रथम नको म्हणाला. मला बरे वाटले. बद्रीनाथ चिडले. म्हणाले, "वकीलसाहेब, तुम्ही नाही म्हणा. मी आज माणूस पाठवतो आपल्या शहराबाहेरच्या साताऱ्याला, खंडोबाच्या पायावरचा भंडारा आणतो आणि तुमच्या नावानं उचलवतो. मत पक्कं झालं पाहिजे. लोक देवाला भितात, तुम्हाला नाही."

मुकुंद मग म्हणाला, "माणूस पाठवू नका. भंडारा मी आणतो."

माझ्या मुलाचा निश्चय एका घटकेतच ढळला. त्याला लहानपणी मी संकल्पाचा अर्थ शिकवला होता. संध्याकाळी तो माझ्याशी बोलायला आला. मी जप करीत होतो आणि जप लांबवला.

पौष वद्य चतुर्थी, मंगळवार

अंगारकीचा दिवस. देवळात रांग आणि मागच्या गल्लीत पक्षाचे सोंग. व्हरांड्यातून दिसत होते. एका स्टीलच्या ताटात हळद, शेजारी बेल. बेल आवडाबाईचाच, नानासाहेबांच्या लोकांनीही तिच्याकडूनच नेला होता. स्त्रिया एकेक पुढे येत, तळहात पसरीत, बद्रीनाथांची माणसे सांगत ते म्हणत आणि पदराला हात पुसून कामाला लागत. मुकुंद तेथे होता, पण ताटापासून दूर, एका म्हाताऱ्याचा कागद वाचून दाखवीत होता.

दुपारी व्हरांडा झाडताना कोपऱ्यात प्लास्टिकच्या रिकाम्या पिशव्या सापडल्या. त्यांवर गुलमंडीच्या एका मसाल्याच्या दुकानाचे नाव. ही हळद कोठली, असे मीनाक्षीला विचारले. म्हणाली, "त्यांनीच आणली, अण्णा. कोर्टातून येताना." साताऱ्याला कोणी गेले होते का? नाही. देवापुढे ठेवली होती का? तेही नाही, थेट ताटात ओतली.

भंडारा म्हणजे काय, हे या लोकांना ठाऊक नाही की त्याची पर्वा नाही? खंडोबाच्या चरणाला लागते तेव्हा हळद भंडारा होते. एरवी ती आमटीत घालायची वस्तू. नानासाहेब बुद्धीने बैल असोत, पण ते स्वतः अनवाणी साताऱ्याच्या देवळात गेले, हळद वाहिली, मग आणली, असे देवळाचे गुरव सांगतात. त्यांनी माणसांना फसवले असेल, देवाला नाही. माझ्या घरातून निघालेल्या या पक्षाने दोघांनाही फसवले, आणि तेही आळसाने. खोटेपणाला कष्ट तरी असावेत.

पौष वद्य सप्तमी

आवडाबाईने आज फुलांची परडी दिली आणि गेली नाही. पायरीवर बसून राहिली. काय हवे, असे विचारल्यावर तिने सांगितले ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवतो.

"गुरुजी, मी दोन्हीकडचा भंडारा उचललाय. आधी नानासाहेबांची मानसं आली. म्हनली, उचला, नाय तर टँकर मोठ्या रोडवरच उभा ऱ्हाईल, गल्लीत वळायचा नाय. उचलला. मग वकीलसाहेबांची आली. त्यांना नाय कसं म्हनू, तुमचं घर हाय. आता एकाला दिलं की दुसरीकडची शपत मोडती. कुनालाच नाय दिलं तर दोन्ही मोडत्यात. करुणाचे दिवस भरलेत. ते पोटातल्यावर आलं म्हंजी?"

गल्लीतल्या बहुतेक बायांचे असेच झाले आहे, असेही ती म्हणाली. सगळ्यांनी मिळून तिला माझ्याकडे पाठवले. तुम्ही सांगाल ते खरे, एवढे बोलून तिने पायरीला हात लावला.

दोन प्रामाणिक शब्दांचे वजन ज्यांना कधी पेलले नाही, त्यांनी दोन खोट्या शपथा एकाच तळहातावर घेतल्या आणि आता त्या जड होतात म्हणून शास्त्राच्या दारात आणून टाकल्या. तरीही प्रश्न शास्त्राचा आहे. प्रश्न विचारणारा हीन आहे म्हणून प्रश्न हीन ठरत नाही. उद्या सांगतो, असे म्हणालो.

पौष वद्य अष्टमी

सकाळपासून धर्मशास्त्राचे निबंधग्रंथ काढून बसलो. चष्म्याची काच पुसून पुसून बोटे दुखली, पण मन प्रसन्न होते. कितीतरी दिवसांनी कोणी खरा निर्णय विचारला. या शहरात मला आता वास्तुशांतीचा मुहूर्त आणि सुतकाचे दिवस यांखेरीज कोणी काही विचारीत नाही.

दोन मार्ग दिसले. पहिला असा, की बळाने किंवा भय घालून वदवून घेतलेला शब्द बांधत नाही. त्याप्रमाणे दोन्ही शपथा सुटतील आणि ज्याला जे वाटेल ते मत द्यायला तो मोकळा. परंतु भय म्हणजे शस्त्राचे, अग्नीचे, राजदंडाचे. टँकर गल्लीत वळणार नाही, हे काय भय? ती गैरसोय. गैरसोयीला भय म्हणू लागलो तर जगातील एकही शपथ उरणार नाही. तो मार्ग सोडला.

दुसरा मार्ग स्वच्छ होता. शपथेचे द्रव्य देवाला अर्पण झालेले नसेल तर शपथ घडतच नाही. म्हणजे सर्वमंगल पक्षाची शपथ मुळात शपथ नव्हे. नानासाहेबांची मात्र पूर्ण आहे आणि ती पाळली पाहिजे. हा निर्णय माझ्या मुलाच्या विरुद्ध जातो, हे मला दिसत होते. म्हणूनच तो निर्मळ आहे, याची खात्री पटली. आजवर मी दिलेल्या निर्णयांत मुलाबाळांचे हित कधी मिसळले नाही.

आवडाबाईला सांगितले. तिने सगळे दोनदा विचारून घेतले.

"म्हंजी वकीलसाहेबांची ती नुसतीच हळद?"

"नुसतीच हळद."

"आन् नानासाहेबांचा खरा."

खरा, असे मी सांगितले, आणि खरी शपथ मोडली तर दोष लागतो, हेही. तिने तळहात पदराला पुसला आणि पुन्हा पुसला. शास्त्राचा निर्णय प्रथमच ऐकणाऱ्याला असे होते. मग हळू आवाजात म्हणाली की तिच्या मनातून मत वकीलसाहेबांना द्यायचे होते. जाता जाता यजमानाला गोड बोलून जाण्याची या लोकांची रीत मला ठाऊक आहे.

पौष वद्य दशमी

माझा निर्णय एका दिवसात गल्लीभर झाला आणि तेथून पक्षाच्या कार्यालयात पोचला. बद्रीनाथ व्हरांड्यात उभे राहून ओरडले. घरभेदी हा शब्द त्यांनी वापरला. ज्याला स्वतःचे एकही घर नाही, त्याच्या तोंडी तो शोभला नाही.

ते गेल्यावर मुकुंद माझ्यासमोर जमिनीवर बसला. लहानपणी पाठ म्हणायला बसे, तसा. राग नव्हता.

"हळद मी मुद्दामच बाजारातून आणली, अण्णा. मी आणली नसती तर बद्रीनाथांनी साताऱ्याहून आणली असती. खरा भंडारा हातावर ठेवला असता तर त्या बायका बांधल्या गेल्या असत्या. मला त्यांचं मत हवं होतं. त्यांची झोप घालवायची नव्हती."

मी म्हणालो, फसवणुकीला दयेचे नाव देऊ नकोस. शपथ मोडण्यापेक्षा शपथेचे सोंग अधिक हीन. त्याने ते मान्य केले. मग वकिली मुद्दा काढला. भय घालून घेतलेला शब्द सुटतो, असे मीच त्याला पूर्वी शिकवले होते. मग नानासाहेबांचीही शपथ सुटते. "तुम्ही फक्त एवढं गल्लीत जाऊन सांगा. मी सांगितलं तर ते मत मागणं होईल. तुम्ही सांगितलं तर त्या सुटतील. मत मग कोणालाही देऊ देत."

मी त्याला समजावले की निर्णय दिल्यावर त्याला ठिगळ लावता येत नाही, आणि टँकरचे भय हे शास्त्राच्या दृष्टीने भय नव्हे.

तो उठला. दारातून म्हणाला, "आपल्या घरी बोअर आहे, अण्णा."

या वाक्याचा प्रस्तुत प्रश्नाशी संबंध काय, हे मला कळले नाही. वादात हरलेला माणूस विषयांतर करतो.

पौष वद्य एकादशी, संक्रांत

फुले आली नाहीत. पूजा अक्षतांवर भागवली.

पहाटे करुणाला कळा सुरू झाल्या. गोकुळ पाळीवर, रिक्षा मिळेना, म्हणून आवडाबाईने आमचे फाटक वाजवले. मुकुंदने गाडी काढली आणि दोघींना घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेले. मीनाक्षी सांगते की मूल आडवे होते, थोडा उशीर झाला असता तर कठीण होते. तो दुपारपर्यंत तेथेच बाकावर त्यांचे गाठोडे मांडीवर घेऊन बसला होता. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बद्रीनाथांचे एकामागून एक फोन येत होते. प्रचार संपला असला तरी उमेदवाराने मतदानाच्या आदल्या दिवशी चार प्रतिष्ठितांच्या घरी तीळगुळाला जायचे असते. मुकुंद आला तो झोपला. मतदारांचा घोळका सोडून तो एका मतदाराच्या सुनेपाशी बसला, आणि तिची सासू तर बांधलेली. गणित या मुलाला कधी आले नाही.

पौष वद्य द्वादशी, गुरुवार

मतदान. पारणे करून शाळेतील केंद्रावर गेलो. रांगेत माझ्यासाठी लोकांनी वाट करून दिली, पण मी रांगेतच उभा राहिलो. नियम तो नियम.

शेजारच्या रांगेत मागच्या गल्लीतील बायका होत्या. नेहमी यांचा कलकलाट असतो. आज कोणी बोलत नव्हते. आवडाबाई आत गेली, तिला फार वेळ लागला. अधिकाऱ्याने दोनदा हाक मारली. बाहेर आली तेव्हा पदराने डोळे पुसत होती. रात्रभर दवाखान्यात जागल्यावर ऊन लागतेच. तिने मला नमस्कार केला, मात्र वर पाहिले नाही.

दाराशी पक्षाच्या टेबलावर मुकुंद बसला होता. बायका त्याच्या टेबलाला वळसा घालून गेल्या. त्यांतील एकीने थांबून त्याच्यापुढे तिळाची वडी ठेवली आणि तीही झपाट्याने निघून गेली. मत न देणाराने वडी द्यावी, हा निर्लज्जपणा त्याने हसून खाल्ला.

पौष वद्य त्रयोदशी

अपेक्षेप्रमाणे. बंगल्यांनी समईला बरी साथ दिली. मागच्या गल्लीच्या केंद्रावर मुकुंदला पडलेली मते एका लहान पंगतीत बसली असती. तेथेच तो पडला. शहरात सर्वमंगल पक्षाची लाट दोन जागांवर येऊन थांबली. बद्रीनाथ संध्याकाळी टीव्हीवर सांगत होते की जनतेचा कौल त्यांना मान्य आहे. जनतेला त्यांची मान्यता हवी होती, असे दिसले नाही.

दिवेलागणीला नानासाहेब गुलालासह आले. माणसे बाहेर ठेवून एकटेच आत आले, माझ्या पायांवर डोके ठेवले, शाल आणि श्रीफळ दिले. म्हणाले, "गुरुजी, टँकर लावले, मानसं फिरवली, पन खरं काम तुमच्या शब्दानं केलं. गल्लीच्या गल्ली आली. लई उपकार झाले."

उपकार मी शास्त्रावर केले, तुमच्यावर नाही, हे मी त्यांना समजेल अशा भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला. ते समजून मान हलवीत राहिले आणि पुढच्या खेपेलाही असेच लक्ष असू द्या म्हणाले. अतिथीने दिलेली म्हणून शाल परत करता आली नाही. मुकुंदने त्यांना चहा दिला, अभिनंदन केले, दारापर्यंत सोडले.

मीनाक्षीने शाल माझ्या खांद्यावरून काढून घेतली. घडी न घालता धुण्याच्या कपड्यांत टाकली. नवी होती, एवढे मी म्हणालो. तिने ऐकले नाही.

माघ शुद्ध अष्टमी

काल आवडाबाईच्या नातीचे बारसे झाले. मीनाक्षी आणि मुकुंद जाऊन आले.

आज सकाळी ती आली. हातात परडी नव्हती, पाळण्यातली ती पोर होती. माझ्या पायांवर घातली, मी अक्षता टाकल्या. मला वाटले, आशीर्वादाला आली आहे. पण ती त्या दिवसासारखीच पायरीवर बसली.

"गुरुजी, तुम्ही सांगितलं तसं केलं. खऱ्या भंडाऱ्याला मत दिलं. शपत मोडली नाय, पोर बी नीट हाय. टँकर येतोय, त्याचं काय नाय." मग तिने पोरीचे टोपडे सारखे केले. "पर ज्या मानसानं हिला मरनातून काढलं, त्याला दुसऱ्या दिशी मी मत नाय दिलं. बटन दाबताना हात उठंना. त्यो वाटंत दिसला की मला तोंड लपवावं वाटतं, आन् त्यो मलाच इचारतो, पोर कशी हाय. ह्याला काय करावं लागतं? उपास असंल, नारळ असंल, साताऱ्याला अनवाणी जायचं असंल, सांगा. मी करते."

दोष नाही, असे मी म्हणालो. शपथ पाळणाराला दोष लागत नाही.

"तसं नाय वो," ती म्हणाली. "लागलाय. कुठंतरी आसंल की तुमच्यात."

बघून सांगतो, असे सांगून तिला पाठवले.

दुपारी ग्रंथ काढले. शपथ मोडल्याची प्रायश्चित्ते पानोपानी आहेत. मोठी, लहान, अशक्तांसाठी सोपी. शपथ पाळल्याबद्दलचे एकही नाही. भयाने दिलेल्या शब्दाचे ते प्रकरण मध्येच उघडले गेले. तेथे शस्त्र, अग्नी, राजा असे सांगून पुढे 'आणि इतर' एवढेच लिहिले आहे. हे दोन शब्द त्या दिवशी मी वाचले होते की नाही, आठवत नाही.

मुकुंद न्यायालयातून आला. पुस्तकांचा पसारा पाहून, आवडाबाई कशाला आली होती, असे त्याने विचारले.

फुले द्यायला, असे मी सांगितले.